ट्यूलिपची सहावी पाकळी



मे महिना उजाडला की आमच्या गावाला ट्यूलिपचं वेड लागतं. आम्ही राहतो तो मिशिगनचा पश्चिम किनारा म्हणजे अमेरिकेतलं छोटं हॉलंडच. गावाचं नावसुद्धा हॉलंड! १८४७ साली फान राल्ते नावाचे एक डच पाद्री आपल्या अनुयायांना घेऊन इथल्या जंगलात आले आणि त्यांनी हे गाव वसवलं. इथला ट्यूलिपचा उत्सव १९२९ साली सुरू झाला. रस्त्याच्या दोन्ही कडांना फुलांच्या रांगा, लाकडी बूट घालून नाचणाऱ्या शाळकरी मुली, आणि गाड्या भरभरून येणारे पाहुणे. त्यात आपली मराठी मंडळीही असतात. फोटो काढतात, आमच्याकडे पोहे खातात आणि 'किती छान गावात राहता हो तुम्ही' असं म्हणून निघून जातात.

यंदा मात्र आम्ही त्या फुलाकडे जरा निराळ्या नजरेने बघतो आहोत. देवाधर्माच्या भानगडीत या सदरात पडायचं नाही असा आमचा नेम आहे. आज तो मोडतो आहोत, कारण ज्या प्रश्नाने आमच्या घरात दोन दिवस कुणाला धड जेवण गेलं नाही, तो प्रश्न उद्या तुमच्याही घरात उभा राहणार आहे. कदाचित राहिलाही असेल.

दोन वर्षांपूर्वीची जूनमधली गोष्ट. शाळेला सुट्टी, आम्ही दोघंही नोकरीवर, आणि घरात नऊ वर्षांची कन्या. शेजारच्या ओमा म्हणाल्या, "आमच्या चर्चमध्ये आठवडाभर मुलांसाठी बायबलची उन्हाळी शाळा आहे. गाणी, चित्रं, सरबत. फी नाही. नेणं-आणणं आमच्याकडे लागलं." (शेजारचं जोडपं डच वंशाचं. डच भाषेत आजोबांना ओपा आणि आजीला ओमा म्हणतात. आमची मुलं त्यांना त्याच नावांनी हाक मारतात आणि आता आम्हीही.) सौ. जरा कां-कूं करत होती. आम्ही म्हटलं, "अगं, आम्ही दहा वर्षं मिशनच्या शाळेत काढली. बिघडलो का?" त्यावर सौ. काय म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही. असो. कन्या गेली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सांगलीला आमची आई गेली होती. फोन आला, मिळेल ते विमान पकडलं, पण पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. परदेशी राहणाऱ्या आपल्या पिढीला हे दुःख नवं नाही, त्यामुळे जास्त लिहीत नाही. आईचा एक फोटो देवघराशेजारी लावला आहे. शाळेच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कन्या त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मग जेवायला बसल्यावर म्हणाली, "बाबा, आजी जीझसला मानायची नाही ना?"

"नाही बेटा. तिचा विठोबा होता."

"मग ती हेलमध्ये गेली का?"

हातातला घास हातातच राहिला. सौ. उठून आत गेली. पोरीच्या चेहऱ्यावर खोडसाळपणाचा लवलेश नव्हता. तिला खरोखरच आजीची काळजी लागली होती. वर्गात तिने हेच विचारलं होतं आणि शिकवणाऱ्या ताईने सांगितलं होतं की जे येशूला मानत नाहीत त्यांचं तारण होत नाही.

"उद्यापासून जायचं नाही," आतून सौ.चा आवाज आला. "आणि तुम्ही जाऊन सांगून या त्यांना."

आम्ही निघालो. मराठी माणसाची तऱ्हा बघा. भांडायला निघालो तरी हातात बेसनाच्या लाडवांचा डबा! रिकाम्या हाताने शेजारी कसं जायचं?

ओपा ऐंशीच्या घरातले. चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात काढलेली, रविवारी दोन वेळा चर्चला जाणारे, मोजकं बोलणारे. आम्ही झाला प्रकार सांगितला. आमचा अंदाज असा होता की दोहोंपैकी एक उत्तर येणार. एक तर 'लहान मुलीचं काय मनावर घेता', किंवा 'बायबलमध्येच तसं लिहिलंय, आम्ही काय करणार?' दोन्ही उत्तरांवर आमची सरबत्ती तयार होती. त्यांनी दोन्हींपैकी काहीच म्हटलं नाही. टीव्ही बंद केला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शिकवणारी पोर सतरा वर्षांची आहे. तिला येत होतं ते उत्तर तिने दिलं. पण तुमच्या आईबद्दल ते उत्तर द्यायचा अधिकार तिला नव्हता. मलाही नाही. आमच्याच धर्ममताप्रमाणे नाही."

मग त्यांनी चर्चमधलं स्तोत्रांचं जाडजूड पुस्तक काढून दिलं. "याच्या शेवटी आम्ही काय मानतो ते छापलंय. आधी वाचा, मग भांडायला या. लाडू मात्र आत्ताच ठेवून घेतो."

आम्ही पडलो इंजिनिअर. कुठलंही यंत्र बिघडलं की आधी त्याची मूळ ड्रॉइंग्ज मागवायची ही सवय. बसलो वाचत. पुस्तकाच्या शेवटी तीन दस्तऐवज होते: १५६१ सालचा बेल्जिक विश्वासनामा, १५६३ ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, आणि १६१९ साली डॉर्ट गावच्या धर्मसभेने ठरवलेली कलमं. शेवटच्यात आमचं मन गुंतलं, कारण आमच्या मुलीचा प्रश्न हाच मुळी त्या सभेचा प्रश्न होता: माणसाचं तारण कोण ठरवतं, देव की माणूस?

इतिहास थोडक्यात असा. वाद तसा फार जुना. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा एक साधू म्हणत होता की चांगलं वागण्याची ताकद माणसात जन्मतःच आहे, तिचा वापर करणं त्याच्या हातात. संत ऑगस्टीन म्हणाले, माणूस इतका गुंतलेला आहे की देवाने आधी हात दिल्याशिवाय तो हात पुढेसुद्धा करू शकत नाही. ४१८ साली कार्थेजच्या सभेने पेलागियसचं मत नाकारलं, पण प्रश्न काही मिटला नाही. १५२४ मध्ये इरॅस्मसने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं, तर १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याला सणसणीत उत्तर दिलं. पुढे कॅल्विनने देवाच्या सार्वभौम सत्तेचा विचार अगदी टोकापर्यंत नेला: कुणाचं तारण व्हायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलेलं आहे, आणि ते कुणाचे गुण पाहून नव्हे.

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात आर्मिनियस नावाचे प्राध्यापक होते. त्यांना हे पटेना. ते म्हणत, देव कृपा सर्वांपुढे करतो. ती स्वीकारायची की नाकारायची हे माणसावर आहे, आणि कोण स्वीकारणार हे देवाला आधीच कळतं, इतकंच. १६०९ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच मुद्द्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्याचा निकाल लावायला नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ अशी डॉर्टची सभा भरली आणि त्या पाच मुद्द्यांना तिने उत्तरं दिली. सभेत आर्मिनियसच्या पक्षाचा पराभव झाला, सुमारे दोनशे पाद्र्यांच्या नोकऱ्या गेल्या. धर्माच्या पोटात राजकारणही होतंच. त्या पक्षाला पाठीशी घालणारे वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा त्याच मे महिन्यात हेग शहरात शिरच्छेद झाला, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणून आज ज्यांचं नाव घेतात ते ग्रोशियस जन्मठेपेत पडले. दोन वर्षांनी ते पुस्तकांच्या पेटीत लपून तुरुंगातून पळाले! देवाच्या कृपेवर चर्चा करता करता माणसं एकमेकांशी किती निष्ठुर होतात, याचा हा नमुना.

डॉर्टच्या त्या पाच उत्तरांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी 'ट्यूलिप' हा शब्द तयार केला. इथल्या मुलांना तो पाढ्यासारखा पाठ असतो. (गंमत म्हणजे डच भाषेत या फुलाला 'तुल्प' म्हणतात, त्यामुळे खुद्द डचांना या युक्तीचा उपयोग नाही.) पाच पाकळ्या अशा: एक, पापाने माणसाचा कुठलाच कोपरा शाबूत ठेवलेला नाही, बुद्धी नाही की इच्छा नाही. दोन, देवाने केलेली निवड विनाअट आहे. तीन, ख्रिस्ताचं बलिदान निवडलेल्यांसाठी आहे. चार, देवाची कृपा ज्याला धरते त्याला ती टाळता येत नाही. आणि पाच, असा माणूस शेवटपर्यंत टिकतो, कारण देव त्याला सोडत नाही.

वाचून आम्ही चांगलेच तापलो. पुन्हा ओपांकडे. म्हटलं, "म्हणजे आधीच यादी तयार आणि आमची आई त्यात नाही! आमच्या धंद्यात माल सदोष निघाला तर कारखानदाराला धरतात. इथे कुंभारच म्हणतो, मडकं मी घडवलं, फोडणारही मीच आणि दोष मडक्याचा?"

ओपा हसले. कुंभाराचा दाखला बायबलमध्येच आहे, पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, नवव्या अध्यायात. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडं जन्मायच्या आत देवाने एकाला निवडलं, आणि मडक्याने कुंभाराला जाब विचारायचा नसतो, असं पौल तिथे म्हणतो. "पण," ओपा म्हणाले, "नववा अध्याय वाचून थांबू नका. तोच पौल अकराव्या अध्यायात कुठे पोचतो ते बघा." अकराव्याच्या शेवटी पौल म्हणतो की देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करता यावी म्हणून.

झालं! आता 'सर्व' म्हणजे कोण? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही देवाची इच्छा सर्व माणसांचं तारण व्हावं अशी आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे. कॅल्विनच्या पंथाचे म्हणतात, 'सर्व' म्हणजे सर्व प्रकारची माणसं: राजा, रंक, यहुदी, परदेशी. आर्मिनियसवाले म्हणतात, सर्व म्हणजे सर्व, एक न् एक. एका शब्दावर चार शतकं वाद! आम्हाला हसू येणार होतं, पण मग आठवलं की एकदा कंत्राटातल्या अशाच 'सर्व' शब्दावरून आमच्या दोन साहेबांनी तीन महिने पत्रव्यवहार केला होता. शब्द सुटा वाचायचा, की वाक्यात, की पत्र कुणाला आणि का लिहिलं ते बघून? ग्रंथ कोणताही असो, हा पेच सुटत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवान एकीकडे अर्जुनाला म्हणतात की नीट विचार कर आणि तुझ्या इच्छेला येईल तसं कर. तीनच श्लोकांनंतर म्हणतात, सगळं सोडून मला शरण ये. पौलही फिलिप्पैकरांना एका ओळीत सांगतो की तुमचं तारण तुम्ही झटून साधा, आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो. मंडळी, पुस्तक बदललं, गाठ तीच.

मग आम्ही ओपांना आपल्याकडची मांजर-माकडाची गोष्ट सांगितली. रामानुजांच्या मागून श्रीवैष्णवांत दोन तट पडले. उत्तरेकडचे म्हणजे वडकलै, वेदान्त देशिकांना मानणारे. ते म्हणतात, जीव माकडाच्या पिल्लासारखा. आई उडी मारते, पण पिल्लाने पोटाला घट्ट धरून राहायला हवं. दक्षिणेकडचे तेंगलै, पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे. ते म्हणतात, जीव मांजरीच्या पिल्लासारखा. पिल्लू काही करत नाही. आईच त्याला तोंडात धरून नेते. 'मर्कटकिशोर न्याय' आणि 'मार्जारकिशोर न्याय'! आणि हेही कबूल केलं की आमच्याकडेही हे प्रकरण प्रेमाने मिटलेलं नाही. कांचीपुरमच्या देवळात कोणी काय म्हणायचं, यावरून इंग्रजांच्या काळापासून कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत.

ओपा इतके हसले की ओमा बाहेर आल्या. "आर्मिनियस माकड, कॅल्विन मांजर!" ते म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "मी मांजराचं पिल्लू आहे. का, ते सांगू?"

त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने लिहितो आहे.

त्यांची पहिली मुलगी १९६७ मध्ये जन्मली आणि अकरा दिवसांत गेली. डॉर्टच्या पहिल्या प्रकरणातलं सतरावं कलम त्यांनी आम्हाला काढून दाखवलं. लहानपणीच गेलेल्या मुलांच्या तारणाबद्दल श्रद्धावान आईबापांनी शंका बाळगू नये, असा त्याचा आशय आहे. भांडखोर, कडक म्हणून ज्यांची ख्याती, त्या धर्मपंडितांनी सहा महिन्यांच्या वादात आईबापांसाठी हे एक कलम लिहून ठेवलं होतं. ओमांना ते तोंडपाठ आहे.

"मुलीसाठी कलम आहे," ओपा म्हणाले. "मुलासाठी नाही."

मुलगा १९६९ चा. विसाव्या वर्षी चर्च सोडलं, बापाशी बोलणं सोडलं. १९९३ च्या जानेवारीत बर्फावरून त्याची गाडी घसरली. जाण्याआधी त्याने काही म्हटलं का, त्याच्या मनात काय होतं, कुणालाच माहीत नाही. दफनाच्या दिवशी चर्चमधल्या एका माणसाने ओपांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं की निवड त्याची होती. "तो माणूस बरोबर असेल," ओपा म्हणाले, "तर माझ्या मुलाची गोष्ट त्या रस्त्यावरच संपली. त्याने धरलं नाही, हात सुटला, खलास. पण धरणारा देव असेल, तर शेवटच्या मिनिटात काय झालं ते मी कोण सांगणार? लोकांना वाटतं की देवाने आधीच ठरवलंय ही फार क्रूर शिकवण आहे. मी गेली तीस वर्षं तिच्याच आधारावर झोपतो."

आम्ही गप्प. मंडळी, कागदावर वाचताना आम्हाला जी यादी वाटली होती, ती या म्हाताऱ्याच्या हातात आशेची दोरी होती.

मग त्यांनी आमच्या आईचा विषय काढला. कॅल्विनचं म्हणणं असं की आपले कोण हे देवालाच ठाऊक. ऑगस्टीनचा एक विचार तो पुढे करतो: वाड्याबाहेर पुष्कळ मेंढ्या असतात आणि वाड्याच्या आत पुष्कळ लांडगे. "यादी असेल," ओपा म्हणाले, "पण ती मला दाखवलेली नाही. जो म्हणतो, मला दिसली, तो देवाच्या खुर्चीत बसतो. ख्रिस्तावाचून तारण नाही हे मी मानतो, ते तुमच्यासाठी सौम्य करून सांगणार नाही. पण ख्रिस्त कुणापर्यंत कसा पोचतो, हे मोजायचं माप माझ्याजवळ नाही."

आम्हाला हे उत्तर आवडलं, कारण त्यात गुळगुळीतपणा नव्हता. सगळे ख्रिस्ती असंच म्हणतील असं मात्र समजू नका. कोपऱ्यावरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये वेस्लीची परंपरा, म्हणजे माकडाची. वेस्लीने १७३९ मध्ये ब्रिस्टलला या पूर्वनिवडीविरुद्ध कडाडून प्रवचन दिलं. त्याचा मित्र व्हाइटफील्ड कॅल्विनच्या बाजूचा, त्याने जाहीर उत्तर दिलं. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेला तेव्हा त्याच्यासाठी स्मरणाचं प्रवचन वेस्लीनेच केलं. कॅथलिक चर्चने १९६४ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत मान्य केलं की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्विवेकाला जागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. उलट, येशूचं नाव उच्चारल्याशिवाय तारण नाहीच, असं ठाम सांगणारी चर्चेसही इथे रस्तोरस्ती आहेत. तेव्हा 'ख्रिश्चन लोक असं म्हणतात' हे वाक्य 'हिंदू लोक असं म्हणतात' या वाक्याइतकंच ढिलं आहे. मुलांनी असं काही घरी आणलं तर आधी विचारा, 'कुठले ख्रिश्चन?'

ओपांनी एकदा सहज विचारलं, "तुमच्या भाषेत बायबल आहे का?" लाज वाटली, कारण आम्ही कधी उघडलंही नव्हतं. पुण्याहून येणाऱ्या एका पाहुण्याला आणायला सांगितलं. त्यात 'तारण' हा शब्द पानोपानी. आम्हाला तारण माहीत ते बँकेतलं! घर तारण ठेवून कर्ज काढतो ते. मग लक्षात आलं की हा फरक मोठा आहे. आपला मोक्ष म्हणजे फेऱ्यातून सुटका. त्यांचं तारण म्हणजे बुडणाऱ्याला कुणीतरी ओढून काढणं. आपण कर्माची वही लिहितो. कॅल्विन म्हणतो, वही उघडूच नका, ती फेडणं तुमच्या कुवतीबाहेर आहे. आमचं मन अजूनही वहीकडे जास्त ओढ घेतं. पण खरं सांगायचं तर अकरा दिवसांच्या मुलीच्या मृत्यूचं कारण तिच्या मागल्या जन्मात शोधणं हेही आम्हाला ओमांच्या तोंडावर सांगवलं नसतं. सदोष मालाचा प्रश्न दोन्ही कारखान्यांत शिल्लक आहे.

हे प्रश्न मराठीत नवे नाहीत. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी याच कॅल्विनच्या परंपरेतले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो शास्त्रं कोळून प्यायल्यावर. पण तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांची पत्रापत्री वाचण्यासारखी आहे. चर्चने सांगितलं म्हणून प्रत्येक मत गिळायला त्या तयार नव्हत्या. पुरोहितांचं एक जोखड उतरवलं ते दुसरं चढवून घ्यायला नव्हे, असा त्यांचा बाणा. बायबल स्वतः वाचून ठरवीन म्हणाल्या, आणि पुढे हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर हेच काम चालू होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न त्यांनाही छळत असला पाहिजे.

आता कन्येचं काय झालं ते सांगतो. चौथ्या दिवशी ती शाळेला गेली नाही. पाचव्या दिवशी ओपा स्वतः आले, आईच्या फोटोसमोर टोपी काढून उभे राहिले आणि तिला म्हणाले, "तुझी आजी कुठे आहे हे सांगायचं काम देवाने मला दिलेलं नाही. तिला ज्याने घडवलं त्याचं तिच्यावर तुझ्यापेक्षा कमी प्रेम असेल, असं तुला वाटतं का?" पोरीने विचार करून मान हलवली. नाही. "मलाही नाही वाटत," ओपा म्हणाले. सौ.ने चहा टाकला. आठवड्याच्या समारोपाला आम्ही सगळेच गेलो. ती सतरा वर्षांची ताई बिचारी रडवेली होऊन सौ.ला भेटली; सौ.ने तिला जवळ घेतलं.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला ओपांकडे जेवायला होतो. आदल्या दिवशी त्यांनी आमच्या आईचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, प्रार्थना करणार असतील. ते म्हणाले, "आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. निकाल देवाच्या हातात, आम्ही वशिला लावत नाही. पण आभार मानायला बंदी नाही. मी मुलाबद्दल रोज आभार मानतो." जेवणाआधी सगळ्यांनी हात धरले. ओपांनी दोन मुलांची नावं घेतली, आणि मग चिठ्ठीत बघून आमच्या आईचं. उच्चार पार चुकला. आईने ऐकला असता तर पदर तोंडाला लावून हसली असती.

मंडळी, आम्ही ख्रिस्ती झालो नाही, होण्याचा विचारही नाही. काहींना निवडलं तर बाकीच्यांना का नाही, या आमच्या प्रश्नाला ओपांजवळ उत्तर नाही, आणि ते तसं सरळ सांगतात. पण एक गोष्ट शिकलो. मुलं असा प्रश्न घेऊन आली की दार लावून घेऊ नका आणि 'सगळे धर्म सारखेच' म्हणून उडवूनही लावू नका. सारखे नाहीत. ज्याने सांगितलं त्याच्याकडे जा, त्याला विचारा, त्याचं पुस्तक वाचा, आपलंही वाचा. आणि जाताना लाडू न्या.

गेल्या मे महिन्यात ओपांच्या अंगणात कन्या ट्यूलिपसमोर बसली होती. ओपा तिला पाच अक्षरांचा तो पाढा सांगत होते. पोरीने फुलाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पण ओपा, पाकळ्या सहा आहेत."

ओपांनी चष्मा लावला, वाकून मोजल्या. खरंच सहा होत्या. पुन्हा मोजल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सहावी आम्हाला पाठ करायला दिलेली नाही."